विमानतळ दिसला, डोंगर दिसला का?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

डोंगराळ भागात विमान कोसळले की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत दोन वाक्ये हमखास असतात. ‘नियंत्रण कक्षाने व्हिज्युअल अप्रोचची (बाहेर बघत उतरण्याची) परवानगी दिली होती’ हे एक, आणि ‘विमानतळ दिसत असल्याचे वैमानिकाने कळवले होते’ हे दुसरे. पहिले वाचून कुणी नियंत्रकाला दोषी धरतो, दुसरे वाचून वैमानिकाला. खरे प्रश्न त्यानंतर सुरू होतात. वैमानिकाला नेमके काय दिसत होते? ते त्याने कोणत्या शब्दांत सांगितले? आणि त्या क्षणी विमान डोंगरापासून दूर ठेवण्याचे काम कोणाकडे होते? नवी मुंबईचा विमानतळ माथेरान आणि प्रबळगडाच्या शेजारी उभा राहिला आहे, तेव्हा हे प्रश्न आता आपल्याही अंगणातले आहेत. म्हणून हे जरा लांबलेले पत्र.

व्हिज्युअल अप्रोच म्हणजे वैमानिकाला मोकळीक, अशी एक समजूत आहे. तसे नाही. विमान आयएफआर, म्हणजे उपकरणांच्या आधारे उडण्याच्या, आराखड्यावरच असते आणि नियंत्रकाच्या यादीतून ते बाहेर गेलेले नसते. बदलते ते एवढेच, की उपकरणांच्या आधारे उतरण्याचा छापील मार्ग सोडून वैमानिक बाहेर बघत धावपट्टीकडे जातो. छापील मार्गावरच्या प्रत्येक टप्प्यासाठी कुणीतरी आधीच डोंगर मोजून किमान उंची ठरवलेली असते. नियंत्रक रडारवरून दिशा देत असेल, तर त्यालाही प्रत्येक क्षेत्रासाठी ठरलेल्या रडार-किमान उंचीखाली विमान नेता येत नाही. ही उंची सर्वांत उंच अडथळ्याच्या किमान १००० फूट वर असते. डोंगराळ मुलखात अनेक देश २००० फूट धरतात. ‘क्लिअर्ड व्हिज्युअल अप्रोच’ हे तीन शब्द उच्चारले गेले आणि वैमानिकाने ते परत वाचून दाखवले, की ही दोन्ही कवचे गळून पडतात. डोंगर सांभाळणे तेव्हापासून कॉकपिटचे काम. घाटात पुढच्या ट्रकवाल्याने हात दाखवून ‘या पुढे’ म्हटले, तरी समोरून येणारी एसटी बघायची आपल्यालाच. परवानगीचा अर्थ तितकाच.

परवानगी कोणत्या अटीवर द्यायची, यातच पहिली फट आहे. आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) नियमांत वैमानिकाने भूभाग सतत नजरेत ठेवणे ही मूळ अट आहे. शिवाय ढगांचा तळ अप्रोच सुरू होण्याच्या उंचीइतका किंवा तिच्या वर असावा, नाहीतर उतरणे शक्य होईल अशी हवा आहे हे वैमानिकाने स्वतः कळवावे. अमेरिकेत भर वेगळ्या जागी आहे. विमानतळ किंवा पुढचे विमान दिसले पाहिजे, ढगांचा तळ किमान १००० फूट आणि दृश्यमानता किमान ३ मैल हवी. आपले कितीतरी वैमानिक अमेरिकेत शिकून येतात. फ्लॉरिडाच्या सपाट जमिनीवर या दोन पद्धतींत व्यवहारात काही फरक पडत नाही. डोंगरात मात्र जिवावर बेतेल एवढा पडतो. रात्री नऊ मैलांवरून खिंडीतून धावपट्टीचे दिवे स्वच्छ दिसतात आणि मध्ये उतरलेली डोंगराची सोंड काळोखात काळीच असते. वैमानिक ‘फील्ड इन साइट’ (विमानतळ दिसतोय) म्हणतो. ते खरेही असते. पण त्यातून सोंड दिसते आहे की नाही हे कळत नाही.

आता २४ जानेवारी १९६६. एअर इंडियाचे ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ मुंबईहून दिल्ली आणि बैरुतमार्गे जिनिव्हाला उतरायचे होते. डॉ. होमी भाभा त्यात होते, म्हणून हा अपघात आपल्या लक्षात राहिला आणि त्याभोवती घातपाताच्या कथाही रचल्या गेल्या. चौकशीत निघालेले कारण त्या कथांपेक्षा साधे आहे आणि म्हणूनच जास्त उपयोगाचे. विमानातला एक व्हीओआर (जमिनीवरच्या रेडिओ केंद्रावरून दिशा कळवणारे उपकरण) बैरुत सोडतानाच बंद होता, हे वैमानिकाला माहीत होते. स्थानाचा अंदाज चुकला. नियंत्रकाने लेव्हल १९०, म्हणजे सुमारे १९,००० फुटांवर राहायला सांगितले. मात्र बाहेर स्पष्ट दिसत असेल आणि ढगांच्या माथ्यापेक्षा १००० फूट वर राहता येत असेल तर खाली येण्याची मुभाही दिली. वैमानिकाने ते मान्य केले आणि आपण आल्प्समधल्या माँ ब्लां शिखराच्या बाजूने जात आहोत असे कळवले. रडारवर नियंत्रकाला दिसत होते की विमान अजून तिथे पोहोचलेलेच नाही. त्याने दुरुस्ती केली: ‘यू हॅव फाइव्ह माइल्स टु द माँ ब्लां.’ उत्तर आले, ‘रॉजर.’ आणि विमान खाली येऊ लागले. पर्वतावर ते साधारण १५,६०० फुटांवर आदळले. ११७ माणसे गेली.

या संभाषणातले प्रत्येक वाक्य सुटे पाहिले तर कुणीच खोटे किंवा बेजबाबदार बोललेले नाही. नियंत्रकाचे अंतर बरोबर होते. पण ‘माँ ब्लांला पाच मैल आहेत’ हे वाक्य, शिखर आपल्या बाजूला आहे अशी खात्री असलेल्या माणसाच्या कानावर, ‘शिखर बाजूला पाच मैलांवर आहे’ असेच पडू शकते. त्यात ‘नाही’ नव्हते, ‘पुढे’ नव्हते आणि ‘खाली येऊ नका’ तर नव्हतेच. पुरेशी नेमकी वाक्यरचना नसल्याने दुरुस्तीचा गैरसमज झाला, असाच चौकशीचा निष्कर्ष होता. ‘निगेटिव्ह. माँ ब्लां अजून तुमच्या पुढे, पाच मैल. १९० सोडू नका, मी सांगेपर्यंत’ एवढे म्हटले असते तर दुसरा अर्थ निघायला जागा उरली नसती.

याची आणखी एक बाजू क्वचितच चर्चेत येते. दिलेली उंची, दिशा, उंचीमापकात लावायचा हवेच्या दाबाचा आकडा, धावपट्टी, परवानगी हे सगळे वैमानिकाने परत वाचून दाखवावेच लागते. त्यात चूक असली तर ती तिथेच पकडली जाते. अंतर किंवा स्थान ही मात्र निव्वळ माहिती. तिला ‘रॉजर’ हे उत्तर नियमाने चालते आणि ‘रॉजर’चा अर्थ ऐकू आले, इतकाच. त्या नियंत्रकाची दुरुस्ती माहितीच्या रूपात गेली, म्हणून ती परत वाचून घेण्याचा प्रसंगच आला नाही. डोंगराजवळ वैमानिकाची चूक सुधारायची असेल तर ती सूचनेच्या रूपात सुधारावी. ‘मेन्टेन’ने (‘अमुक उंची राखा’) सुरू होणारे वाक्य परत वाचावे लागते.

सशर्त परवानगीचेही तसेच. ‘अमुक दिसत असेल तर खाली या’ हे वाक्य सोयीचे वाटते, कारण निर्णय समोरच्यावर सोपवून नियंत्रक दुसऱ्या विमानाकडे वळू शकतो. पण ती अट पुरी झाली की नाही हे तपासणारा मग कुणीच उरत नाही. बर्फाच्छादित डोंगरावर ढग टेकलेले असतील तर पांढऱ्यात पांढरे मिसळते आणि आपण ढगाच्या वर आहोत, असे प्रामाणिकपणे वाटू शकते.

जबाबदारी नेमकी कोणाकडे हे दोघांनी वेगवेगळे समजले की काय होते, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण कॅलिफोर्नियातले आहे. ते उतरण्याचे नसून उड्डाणाचे आहे, पण गाठ तीच. २४ ऑक्टोबर २००४ ला मध्यरात्रीनंतर सॅन दिएगोजवळच्या ब्राउन फील्डवरून रुग्णसेवेचे एक लिअरजेट ३५ए व्हीएफआर, म्हणजे ‘बाहेर बघून उडतो’ या बोलीवर निघाले. आयएफआर परवानगी हवेत घ्यायची होती. नियंत्रकाने रडारवर ओळख पटल्याचे सांगितले, ०२० दिशा दिली, व्हीएफआर राहायला सांगितले आणि ५००० फुटांच्या वर गेल्यावर पुढची परवानगी मिळेल असे कळवले. त्या दिशेला ओटाय पर्वत होता. पाचही जण दगावले. ‘व्हीएफआर राहा’ म्हटले म्हणजे डोंगर वैमानिकाचा, असे नियंत्रकाच्या बाजूने धरले गेले. रडारवर घेऊन दिशा दिली म्हणजे डोंगर नियंत्रकाचा, असे कॉकपिटच्या बाजूने वाटणे तितकेच स्वाभाविक. अमेरिकेच्या तपास मंडळाने मुख्य दोष भूभागापासून अंतर न राखणाऱ्या वैमानिकांना दिला. पण नियंत्रकाने दिशा देऊन डोंगराची जबाबदारी स्वतःवर ओढून घेतली, ती निभावली नाही आणि पडद्यावर आलेला कमी उंचीचा इशाराही कळवला नाही, हेही स्पष्ट नोंदवले. याच पर्वतावर १६ मार्च १९९१ ला त्याच विमानतळावरून रात्रीच व्हीएफआर निघालेले एक विमान आदळून दहा माणसे गेली होती.

व्हिज्युअल अप्रोचमध्ये हा घोळ रोज होऊ शकतो. परवानगी देऊन झाली आणि मग पुढच्या विमानाशी अंतर कमी पडते म्हणून नियंत्रकाने सहज सांगितले, ‘टर्न राइट हेडिंग ०९०’ (उजवीकडे, ०९० अंशांच्या दिशेला वळा). आता डोंगर कोणाचा? विमान तोवर रडार-किमान उंचीच्या खाली उतरलेले असू शकते. म्हणजे नियंत्रकाला दिशा द्यायचा अधिकारच उरलेला नसतो, आणि वैमानिक मात्र ‘त्यांना दिसतेय’ या भरवशावर वळतो. दिशा द्यायचीच असेल तर व्हिज्युअलची परवानगी आधी शब्दांत रद्द करावी, दिशेबरोबर उंची द्यावी आणि विमान त्या उंचीच्या खाली असेल तर आधी वर चढवावे, मग वळवावे. वैमानिकानेही अशी दिशा मिळताच विचारावे: व्हिज्युअलची परवानगी कायम आहे का? या एका प्रश्नाला तीन सेकंद लागतात.

परवानगी मिळाली म्हणजे खालची उंची सुरक्षितच असणार, ही समजूत जुनी आहे. १ डिसेंबर १९७४ ला वॉशिंग्टनच्या डलस विमानतळाकडे येणाऱ्या टीडब्ल्यूए ५१४ ला बऱ्याच दुरून अप्रोचची परवानगी मिळाली. वैमानिक १८०० फुटांकडे उतरू लागले आणि विमान माउंट वेदरवर आदळले, ९२ मृत्यू. छापील मार्गाच्या टप्प्यावर येईपर्यंत कोणती उंची राखायची हे परवानगीतच सांगण्याची शिस्त त्यानंतर कडक झाली. व्हिज्युअल अप्रोचला ती आपोआप लागू होत नाही, कारण तिथे छापील टप्पाच नसतो. म्हणून हाताने घालावी लागते.

शेजारचे उदाहरण अधिक अस्वस्थ करणारे आहे. २८ जुलै २०१० ला कराचीहून इस्लामाबादला आलेले एअरब्लूचे ए३२१ आधी धावपट्टी ३० च्या आयएलएसवर, म्हणजे उपकरणांनी दाखवलेल्या उतरणीवर, आले आणि मग फेरी मारून उलट्या टोकाने, १२ वर उतरायला निघाले. अशा फेरीत धावपट्टी नजरेआड होऊ द्यायची नसते आणि ठरलेल्या वर्तुळाबाहेर जायचे नसते. कॅप्टन २५१० फुटांची किमान मर्यादा सोडून २३०० वर आला आणि संगणकात स्वतः टाकलेल्या बिंदूंच्या आधारे ढगांतून मार्गल्ला टेकड्यांकडे गेला. नियंत्रकाने विचारले, विमानतळ दिसतो का? नंतर, जमीन दिसते का? होकार आला. कॉकपिटमध्ये भूभागाचे इशारे वाजत होते, सहवैमानिक वळायला सांगत होता. १५२ जणांपैकी कुणीही वाचले नाही.

यातून नियंत्रकांनी घ्यायची गोष्ट बारीक आहे. ‘दिसते का?’ या प्रश्नाला ‘हो’ हे उत्तर देणे सर्वांत सोपे असते, विशेषतः अडचणीत असलेल्या आणि ती कबूल न करणाऱ्या माणसाला. ज्याचे उत्तर बाहेर बघितल्याशिवाय देताच येणार नाही, असे विचारावे. धावपट्टी तुमच्या कोणत्या बाजूला आणि किती अंतरावर? ढगाचा तळ तुमच्या वर आहे की खाली? अडखळत किंवा विसंगत उत्तर आले तर पुढचे वाक्य ठरलेले: ‘अप्रोच सोडा, लगेच चढा’, आणि चढण्याची सुरक्षित बाजू. असे विचारणे उद्धटपणाचे नाही. २० डिसेंबर १९९५ ला कोलंबियात काली शहराजवळ अमेरिकन एअरलाइन्सचे बोइंग ७५७ डोंगरावर आदळले, तेव्हा वैमानिकाच्या विनंत्या नियंत्रकाला विसंगत वाटल्या होत्या. पण ठरावीक वाक्यांपलीकडे इंग्रजीत उलट प्रश्न विचारण्याइतकी त्याची भाषा नव्हती. १५९ जण गेले. वैमानिक व नियंत्रक दोघांनाही आयकाओची किमान चौथ्या पातळीची इंग्रजी २००८ पासून लागू झाली, त्यामागे अशाच दुर्घटना होत्या. पण भाषा असूनही संकोच असतोच. ज्येष्ठ कॅप्टनला उलट कसे विचारायचे, हा आपल्याकडचा संकोच कोणत्याही भाषा-परीक्षेत मोजला जात नाही.

तर व्यवस्थित देवाणघेवाण कशी असते? नियंत्रक आधी ढगांचा तळ आणि त्या क्षेत्राची रडार-किमान उंची ताडून बघतो. तळ त्या उंचीच्या खाली असेल तर व्हिज्युअलसाठी दिशा देण्यात अर्थ नाही. विमान ढगातच राहणार. मग तो घड्याळाच्या काट्यांनुसार (बारा म्हणजे नाकासमोर) जागा दाखवतो: ‘विमानतळ तुमच्या दोन वाजता, नऊ मैल. डोंगराची धार तुमच्या बारा ते एक वाजता, चार मैल, ३२०० फूट. दोन्ही दिसले की कळवा.’ तोवर उंची सोडायची नाही. वैमानिक ‘फील्ड अँड टेरेन इन साइट’ म्हणतो. एकच दिसत असेल तर एकच म्हणतो, आणि मग परवानगी मिळत नाही. दोन्ही दिसल्यावर परवानगी येते ती धावपट्टीच्या क्रमांकासह आणि उंचीच्या अटीसह: ‘धार ओलांडेपर्यंत ४२०० च्या खाली नको.’ वैमानिक हे सगळे परत वाचतो. ‘क्लिअर्ड व्हिज्युअल’ एवढेच परत आले तर नियंत्रक उंचीची अट पुन्हा म्हणायला लावतो. जागा सांगताना धावपट्टीपासूनचे मैल आणि घड्याळाचे काटे वापरावेत. ‘प्रबळगडाच्या बाजूला’ असे दोह्याहून आलेल्या वैमानिकाला सांगून काय उपयोग?

वेळ किती असतो? १८० नॉट वेगाने विमान मिनिटाला ३ सागरी मैल जाते. धार चार मैलांवर असेल तर हातात ८० सेकंद. वरचे संभाषण, दोन्ही बाजूंनी, वाहतूक कमी असताना वीस-पंचवीस सेकंद खाते. मध्ये दुसऱ्या विमानाने बोलणे सुरू केले आणि दोन आवाज एकमेकांवर चढले की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून हे बोलणे धारेच्या दहा-बारा मैल आधी उरकायला हवे. धार जवळ आल्यावर नाही. उतरणीचा हिशेबही आधीच करता येतो. ३ अंशांच्या उतरणीवर विमान मैलामागे सुमारे ३२० फूट खाली येते, म्हणजे धावपट्टीपासून सहा मैलांवर ते तिच्या साधारण १९०० फूट वर असते. तिथेच धावपट्टीपेक्षा १५०० फूट उंच सोंड असेल तर उरले ४०० फूट, तेही उतरण अचूक असेल तर. चढत्या धावपट्टीकडे येताना आपण फार उंच आहोत असा भास होतो आणि हात आपसूक विमान खाली नेतो. त्या ४०० तले आणखी गेले. रात्रीसाठी एक जुनी खूण आहे: धावपट्टीचे अलीकडच्या टोकाचे दिवे एकामागून एक विझल्यासारखे दिसू लागले, तर ते विझलेले नसतात, मध्ये जमीन आलेली असते. तत्क्षणी वर.

दाबाच्या आकड्याची चूकही याच हिशेबातली. समुद्रसपाटीच्या आसपास एका हेक्टोपास्कलला सुमारे २७ फूट. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर दाब १००२ असताना १०१२ ऐकून तो लावला, तर विमान उंचीमापक दाखवतो त्यापेक्षा २७० फूट खाली असते. अमेरिकन सवयीने (तिथे दाब पाऱ्याच्या इंचांत सांगतात) ‘९९२’ हा आकडा २९.९२ इंच समजला गेला तर फरक ६०० फुटांच्या आसपास जातो. व्हिज्युअल म्हटले की उंचीमापकाकडे जरा दुर्लक्षच होते, म्हणून परवानगीच्या आधी दाब पुन्हा एकदा देणे आणि परत वाचून घेणे ही नियंत्रकाची चांगली सवय.

सर्वांत दुर्लक्षित भाग मात्र उतरता न येण्याचा आहे. उपकरणांच्या अप्रोचला, उतरणे जमले नाही तर काय करायचे, याचा छापील मार्ग असतो: सरळ चढा, अमुक उंचीला डावीकडे वळा. व्हिज्युअल अप्रोचला असा मार्ग नाहीच. ढगाचा एक पुंजका आडवा आला, पुढचे विमान धावपट्टीवर रेंगाळले, की वैमानिक ‘गोइंग अराउंड’ (उतरणे सोडून पुन्हा वर जातोय) म्हणतो आणि पुढची दहा सेकंदे दोघेही एकमेकांची वाट बघतात. विमान डोंगरांच्या मध्ये, रडार-किमान उंचीखाली. नियंत्रकाकडे द्यायला सुरक्षित दिशा नाही. हे टाळायचे तर परवानगीबरोबरच ठरवून टाकावे: उतरणे जमले नाही तर कोणत्या बाजूला वळायचे आणि किती उंचीवर जायचे. आणि नजर सुटली तर वैमानिकाने ‘बघतो, थांबा’ असे म्हणत राहू नये. ‘अनेबल टु मेन्टेन व्हिज्युअल, क्लाइंबिंग’ (नजर राखता येत नाही, वर चढतोय) हे आधी, बाकीचे चढताना.

विमानात भूभागाचा इशारा देणारी यंत्रणा असताना एवढा खटाटोप कशाला, असे कुणी विचारील. ती यंत्रणा उत्तमच आहे, तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पण अनेक कंपन्यांच्या सूचनांत एक पळवाट आहे: भरदिवसा, स्वच्छ हवेत, भूभाग डोळ्यांनी स्पष्ट दिसत असेल तर इशारा केवळ सावधगिरीचा समजता येतो. व्हिज्युअल अप्रोच स्वीकारलेला वैमानिक ‘दिसतेय’ हे आधीच बोलून बसलेला असतो, त्यामुळे इशाऱ्यापेक्षा स्वतःच्या शब्दावर त्याचा विश्वास जास्त. त्यात अलीकडे पश्चिम आशियावरून येणाऱ्या विमानांना बनावट जीपीएस संदेशांमुळे खोटे इशारे मिळतात आणि त्यांची सवय लागते. नियंत्रकाच्या पडद्यावरचा इशाराही विमानतळाच्या अगदी जवळ बऱ्याच ठिकाणी मुद्दाम बंद ठेवलेला असतो, कारण उतरणारे प्रत्येक विमान तो वाजवील. जिथे तो वाजतो तिथे त्याचे वाक्य ठरलेले आहे: ‘लो अल्टिट्यूड वॉर्निंग, चेक युअर अल्टिट्यूड इमिजिएटली’, आणि लगोलग दाबाचा आकडा. वाक्य मऊ करून ‘तुमची उंची जरा कन्फर्म करा’ असे म्हणू नये. त्याला आकड्याचेच उत्तर मिळते आणि विमान तसेच पुढे जाते.

काठमांडूच्या १२ मार्च २०१८ च्या अपघाताकडेही याच नजरेने बघावे. यूएस-बांगलाचे क्यू४०० विमान भरकटून डोंगरांच्या बाजूला खाली फिरत होते, आणि संभाषण धावपट्टी ०२ की २० यात अडकले होते. एकाच पट्टीची ही दोन टोके, आकडे तेच, क्रम उलटा. कॅप्टनची मानसिक अवस्था आणि दिशाभान सुटणे हे मुख्य कारण ठरले. पण कोणते टोक, यापेक्षा विमान आत्ता कुठे आहे आणि त्याला वर कसे चढवायचे, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता, असे आमचे मत आहे. ५१ जण मृत्युमुखी पडले.

सह्याद्री म्हणजे आल्प्स नव्हे, हे मान्य. पण १२ जुलै १९४९ ला पावसाळी हवेत मुंबईला उतरू पाहणारे केएलएमचे कॉन्स्टेलेशन घाटकोपरच्या टेकडीवर आदळले, ४५ जण गेले. ७ जुलै १९६२ च्या रात्री अलितालियाचे डीसी-८ मुंबई जवळ आली असे समजून लवकर खाली आले आणि जुन्नरजवळच्या डोंगरावर गेले, ९४ जण. स्थानाचा चुकलेला अंदाज, किमान सुरक्षित उंचीचे उल्लंघन आणि मुलखाची ओळख नसणे ही कारणे तेव्हाच नोंदली गेली. प्रबळगड सुमारे २३०० फूट, माथेरान त्याहून थोडे वर. नवी मुंबईची धावपट्टी समुद्रसपाटीशी. जूनपासून हे माथे दिवसचे दिवस ढगात असतात आणि खाली खाडीवर मात्र पाच-सहा किलोमीटर स्वच्छ दिसते. धावपट्टी दिसते आणि डोंगर दिसत नाही, अशी हवा याहून वेगळी नसते.

आमची मागणी मर्यादित आहे. आपल्याकडे पुण्यात नियंत्रक हवाई दलाचे, दाबोळीला नौदलाचे, ओझरला एचएएलचे, बहुतेक इतरत्र विमानतळ प्राधिकरणाचे. वैमानिक मात्र तेच, सकाळी एकीकडे आणि दुपारी दुसरीकडे. डोंगराशेजारच्या प्रत्येक विमानतळासाठी व्हिज्युअल अप्रोचची किमान उंची, बंदी असलेली बाजू आणि उतरणे न जमल्यास जाण्याचा मार्ग एकाच नमुन्यात छापला जावा, आणि रात्री, तसेच डोंगरमाथे ढगात असताना, ही परवानगी मागितली तरी देऊ नये. बातमीदारांनाही एक विनंती आहे. पुढच्या वेळी ‘एटीसीची परवानगी होती का’ एवढ्यावर थांबू नये. नियंत्रकाने दिलेली शेवटची उंची कोणती, ती कोणत्या वाक्याने संपली आणि त्या वाक्याला कॉकपिटमधून नेमके काय उत्तर आले, हे विचारावे. ध्वनिमुद्रणात ते असते.

आपले,
हवाई वाहतूक नियंत्रण व उड्डाण प्रशिक्षणाशी संबंधित काही वाचक, पुणे